मेटनर राहूनच गेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रशियन पियानोसंगीतावरचा लेख मनापासून आवडला, पण तो संगीतकार राख्मानिनॉव्हपाशी थांबला याची रुखरुख लागली. त्याचा जवळचा मित्र, संगीतकार आणि पियानोवादक निकोलाय मेटनर (१८८०–१९५१) त्यात कुठेच नाही. राख्मानिनॉव्हने आपला चौथा पियानो कन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) याच मेटनरला अर्पण केला होता आणि मेटनरने आपला दुसरा त्याला.

मेटनर मॉस्कोचा. १९२१ मध्ये त्याने रशिया सोडला आणि बर्लिन, पॅरिस करत अखेर लंडन गाठलं. आजूबाजूचं संगीत पार बदललं, तरी तो आपल्या रोमँटिक वळणापासून हलला नाही. त्याचे १४ पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचना) आहेत, शिवाय ‘स्काझ्की’ (रशियनमध्ये ‘गोष्टी’) नावाच्या ३८ छोट्या पियानोरचना. इंग्रजीवरून आपल्याकडे त्यांना ‘परीकथा’ म्हणतात, ते मला खटकतं. एकीत ‘हॅम्लेट’मधल्या ऑफेलियाचं गाणं आहे, एकीत सरदारांची कूच. या दोन्हींत पऱ्या कुठेच नाहीत. आपला ‘कहाणी’ हाच शब्द तिथे शोभतो.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘सोनाटा रेमिनिसेन्झा’पासून सुरुवात करावी. आरंभी एक शांत, झुलती धून येते, जणू कुणी खिडकीशी बसून जुनं काही आठवतंय. पुढे संगीत अस्वस्थ होत जातं, चांगलंच खवळतं, आणि मध्येच ती धून परत येते. शेवटीही तीच. सूर तेच असतात, पण आता ते ऐकताना गळा दाटून येतो. पियानोवादक एमिल गिलेल्सचं वादन जरूर ऐकावं.

लेखात हे यायलाच हवं होतं, असं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. उतारवयात, हृदयविकाराने थकलेल्या मेटनरच्या मागे उभे राहिले ते म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार. महाराज स्वतः पियानो शिकलेले होते, पुढे त्यांनी कर्नाटक संगीतात कृतीही रचल्या. त्यांच्याच पैशातून ‘मेटनर सोसायटी’ची ध्वनिमुद्रणं झाली. तिन्ही कन्चेर्टो मेटनरच्या स्वतःच्या बोटांतून आज ऐकायला मिळतात ते त्यामुळेच. तिसरा त्याने महाराजांनाच अर्पण केला आहे.

१३ नोव्हेंबर ही मेटनरची पुण्यतिथी. त्या आठवड्याच्या पुरवणीत त्याच्यावर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे