स्टेम सेलच्या बातमीत डिश किती कडक तेही छापा

संपादक महोदय,

स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात त्या मूळ पेशींवर, पेपरात काही आलं की मी वाचतोच, पण दरवेळी तेच, अमुक जीन, तमुक केमिकल आणि झाली पेशी तयार. ती पेशी कशावर बसलीय, तिला ताण किती बसतोय, याचा उल्लेखच नसतो, आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

२००६ मध्ये एंगलर, डिशर वगैरे संशोधकांनी 'सेल' जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. बोन मॅरोमधल्या स्टेम सेल, पोषक द्रव सगळ्यांना सेम, फक्त खालचं जेल कमीजास्त कडक. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे १ किलोपास्कलच्या (कडकपणा मोजायचं एकक) आत, पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूची लक्षणं दिसली आणि २५ ते ४० वर हाडाची. आता फांद्या फुटल्या म्हणजे चेतापेशी झाली असं मी तरी म्हणणार नाही, पण नुसत्या कडकपणाने एवढा फरक पडावा हे काय कमी आहे?

पेशीला हे कळतं कसं, तर ती चक्क ओढून बघते. आत ॲक्टिन या प्रोटीनचे धागे असतात, जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर, मायोसिन नावाचं दुसरं प्रोटीन ते खेचत असतं आणि धाग्यांची टोकं पेशीच्या आवरणातल्या इंटिग्रिन या प्रोटीनमार्फत खालच्या पृष्ठभागाला धरलेली. खाली कडक असेल तर धागे ताणून जाड जुडगे होतात, मऊ असेल तर जेलच ओढलं जातं. ताण बसला की याप नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये (पेशीच्या केंद्रकात) शिरतं आणि जीन चालू-बंद व्हायला लागतात, हे २०११ मध्ये पिकोलो या संशोधकांच्या टीमने दाखवलं. मायोसिनच बंद पाडलं तर मात्र पेशीला मऊ-कडक कळेनासं होतं.

अर्थात सगळं इतकं सरळ नाहीये, औषधाने ॲक्टिनचे धागे मोडले की सुटं ॲक्टिन न्यूक्लियसमध्ये जातं आणि काही प्रयोगांत ताण गेला तरी पेशी उलट हाडाकडेच वळल्यात.

आणि लॅबमध्ये पेशी वाढवतात कशावर, तर प्लॅस्टिकच्या डिशवर, जी स्नायूपेक्षा लाखो पट कडक! स्नायूच्या स्टेम सेल तिथे आपला स्टेम सेलचा गुण लवकर गमावतात, १२ किलोपास्कलच्या जेलवर तो टिकतो, हे २०१० मध्येच उंदरांवर दिसलंय. कडक डिशवर जास्त दिवस राहिलेल्या पेशी नंतर मऊ जेलवर ठेवल्या तरी कडक जागेची जुनी सवय सोडत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्या स्टेम सेल उपचाराची बातमी आली तर पेशी कशावर आणि किती दिवस वाढवल्या, एवढं तरी तुमच्या वार्ताहराने विचारावं ही विनंती.

आपला एक नियमित वाचक