आईच्या पायांकडे बघायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

आईच्या डाव्या चवड्याखालची जखम पूर्ण भरली. काल डॉक्टरांनी ड्रेसिंग बंद केलं आणि म्हणाले, ‘दुसऱ्याच दिवशी आलात म्हणून एवढ्यावर निभावलं.’ ते श्रेय त्यांनी मला दिलं, पण ते तुमचं आहे. तुमच्या खोलीत येऊन हे बोलायला लागले की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहून कळवते आहे. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात आईसारखी मधुमेहाच्या गोळ्या घेणारी पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची आहेत. साखर किती आली हे त्यांना तोंडपाठ असतं. तळपाय कसे दिसतात, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल.

काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. कार्तिकी एकादशीला आई विठ्ठलनाथजींच्या वरघोड्याला, म्हणजे देवाच्या मिरवणुकीला, गेली होती. देवळात चप्पल काढायची म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे जाड, पांढरे मोजे घातले होते. रंगीत मोज्यावर रक्ताचा किंवा पुवाचा डाग लपतो, म्हणून पांढरेच, असा तुमचा आग्रह. रात्री मोजे उतरवले तर डाव्या मोज्यावर मसुरीएवढा लाल ठिपका. तळव्यात काचेचा बारीक तुकडा रुतलेला. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘कुठे गं? मला तर काहीच होत नाहीये.’ तेवढ्या काचेवर ती देवळातून घरापर्यंत चालत आली होती. सुईने टोकरायचं नाही, धुवून स्वच्छ कापड बांधायचं, पायावर भार द्यायचा नाही आणि सकाळी दवाखाना गाठायचा, हे तुमचंच शिकवणं. तिथे एक्स-रे काढून आत काही उरलं नाही ना ते पाहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढचे काही आठवडे ड्रेसिंग, बस.

काका, तुमचं सगळं आयुष्य कुष्ठरोग्यांचे हातपाय तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतरही नजर तीच राहिली. आई ओट्यावर पाय पसरून शेंगा निवडत बसली होती, तेव्हा तुम्ही जिना चढता चढता थांबलात आणि ‘वहिनी, टाचेला ही भेग कधीपासून आहे?’ असं विचारलंत. तिथून हे सुरू झालं. त्या दिवशी तुम्ही आम्हाला डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलंत. ते १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं रोगाने आपोआप झडतात असा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की मज्जातंतू निकामी झाल्यामुळे दुखणं कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, भाजतो, कापून घेतो, आणि खरं नुकसान त्याने होतं. मधुमेहात बधिर झालेल्या पायाचीही तीच गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणालात, आणि आईचा चेहरा उतरलेला पाहून लगेच पुढे म्हणालात, ‘पण वहिनी, डोळे शाबूत आहेत ना? मग घाबरायचं कशाला?’ त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. तोपर्यंत पायाविषयी आम्ही जे काही ऐकलं होतं ते सगळं ‘पाय कापावा लागला’ इथे संपणारं होतं.

मग तुम्ही तिला डोळे मिटायला सांगून बोटांना हलकेच हात लावलात. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, फक्त टोकाला, एखाद-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर संवेदना कमी झाली असं समजून डॉक्टरांकडे जायचं. आईला तीन ठिकाणी कळलं नाही. ही घरच्या घरी करायची तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविच शहरातल्या डॉक्टरांची, हेही तुमच्याकडूनच समजलं. पुढे दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून पाहिला, पायाच्या नाड्या तपासल्या. ही पूर्ण तपासणी प्रत्येक मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी करून घ्यावी, आणि बधिरपणा असेल तर डॉक्टर सांगतील तशी त्याहून लवकर लवकर.

रोज रात्री पाय धुतल्यावर बघायचं ते मात्र घरच्यांनी. आधी बोटांच्या बेचक्या, विशेषतः करंगळीशेजारची. तिथली कातडी पांढरी, ओलसर दिसली तर चिखल्या. मऊ पंचाने टिपून कोरडं करायचं आणि तिथे क्रीम लावायचं नाही, कारण ओल वाढते. टाचांना मात्र रोज क्रीम, कारण या पायांना घामही कमी येतो, कातडी कोरडी पडते आणि भेगेतूनच जंतू आत शिरतात. घट्टा असेल तर त्यात काळसर डाग दिसतो का ते बघायचं. तसा डाग दिसला तर खाली जखम असू शकते. कुरूप ब्लेडने तासायचं नाही, औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टीही चिकटवायची नाही, कारण त्यातल्या आम्लाने शेजारची चांगली कातडी जळते. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. गरम पाण्याची पिशवी बंद. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघायचं. एकट्या माणसाने तळवा बघायला जमिनीवर आरसा ठेवावा, असं तुम्ही शेजारच्या आजींना सांगितलंत आणि स्वतःच आरसा आणून दिलात.

आजीची काशाची वाटी आमच्याकडे अजून आहे. तुम्ही ती बंद करायला लावाल अशी आईला धास्ती होती. तुम्ही म्हणालात, वाटी हलक्या हाताने फिरवा, पण आधी पाय नीट बघा आणि कातडी कुठे फाटली असेल तर त्या दिवशी वाटी नको. जोडव्यांचंही तसंच. ती उतरवायला सांगणं आईला फार लागलं असतं. रात्री तेवढ्यापुरती काढून खाली वळ उठलाय का ते बघा, बोट सुजलं तर मात्र थांबू नका, एवढंच तुम्ही सांगितलंत. ज्याला माणसं कळतात त्यालाच असं सांगता येतं, असं मला मनापासून वाटतं. नियमांचा कागद हातात मिळाला असता तर आईने तो देव्हाऱ्यामागे ठेवून दिला असता.

गरब्याची गोष्ट त्याहून नाजूक होती. बडोद्यात वाढलेल्या बाईला अनवाणी गरबा खेळू नकोस म्हणणं सोपं नाही. तुम्ही तिला खेळू नका म्हणालाच नाहीत. एमसीआरच्या, म्हणजे त्या मऊ रबराच्या सॅंडल करून आणल्यात. मागे पट्टा हवाच, नाहीतर बधिर पायातून चप्पल निसटते आणि कळतही नाही. मापाला संध्याकाळी जायचं, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवून खडा, खिळा बघायचा. आई त्या घालून पोळीच्या, म्हणजे आपल्या गल्लीच्या, चौकात गरबा खेळली, आणि पुढच्या रात्री आणखी दोघी बुटांत आल्या.

समोरच्या घरातल्या दादांबद्दल लिहायलाच हवं, कारण ते स्वतः लिहिणार नाहीत. पाय सुजला होता, लाल होता, पण दुखत फारसं नव्हतं आणि जखम तर कुठेच नव्हती. मुरगळला असेल म्हणून ते लंगडत दुकानात जात होते. तुम्ही हाताची पालथी बाजू आधी एका पायाला लावलीत, मग दुसऱ्याला. एक पाय चांगलाच गरम. तुम्ही त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलंत आणि पाय न टेकवता, रिक्षाने, त्याच दिवशी पाठवलंत. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये वर्णन केलेला हा विकार. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतून ढासळू लागतात, आणि माणूस चालत राहिला तर तळव्याची कमान कोसळते. दोन्ही पायांच्या तापमानात २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक राहिला तर डॉक्टर तो इशारा मानतात. तो फरक तुमच्या हाताने ओळखला. दादांना काही महिने प्लास्टरमध्ये काढावे लागले. आज त्यांच्या पायाचा आकार शाबूत आहे आणि दुकान चालू आहे. शेजारपाजारच्यांना माझी एवढीच विनंती: मधुमेह्याचा एकच पाय गरम आणि सुजलेला असेल तर तो दुखायची वाट बघू नका. बोट काळं पडलं, जखमेला वास आला, लाली वर सरकली किंवा ताप आला तरी त्याच दिवशी निघा.

आमच्या भजनी मंडळात आता एकादशीला भजनानंतर बायका एकमेकींच्या बोटांना हात लावून बघतात. पहिल्यांदा संकोच होता. पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे ‘अगं, राहू दे, पाया कशाला पडतेस’ असं होऊन जायचं. आता ज्येष्ठ बायकाच आधी पाय पुढे करतात. दोघींना स्पर्श कळला नाही, आणि दोघी डॉक्टरांना दाखवून आल्या.

एक गोष्ट राहिली. तुम्हालाही आता साखर आहे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही पुढे ढकलत आहात. आरसा तर शेजारच्या आजींना देऊन टाकलात. तेव्हा येत्या रविवारपासून संध्याकाळी मी खाली येणार आणि तुमचे पाय बघणार. आई म्हणते, मुलीसारखी आहेस, काका नाही म्हणणार नाहीत. चहा आधी पिऊन घ्या, मध्येच आधण ठेवायला उठता येणार नाही. ऑपरेशनची तारीखही त्याच वेळी ठरवू.

आपली,
वरच्या मजल्यावरची