‘एडिट, ब्लँक’ ऐकवल्याबद्दल

ताई, नमस्कार.

फोनवर मी आभार मानले होते, पण घाईत आणि खरं सांगायचं तर ओशाळून. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखे वेबसाइट बनवणारे आणखी कुणी वाचतील.

कार्यशाळेच्या नोंदणीचा अर्ज भरता येत नाही, एवढंच तुम्ही कळवलं होतं. मी तत्परतेनं उत्तर दिलं, “आमच्याकडे चालतोय.” (आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात निर्लज्ज वाक्य.) तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, “मी भरते, तुम्ही ऐका. स्क्रीनकडे बघायचं नाही.”

मग स्पीकरवर तुमचा एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, बोलू लागला. टॅब दाबलंत, “एडिट, ब्लँक.” म्हणजे लिहायचा रकाना, रिकामा. कशाचा, ते नाही. पुन्हा टॅब, “एडिट, ब्लँक.” ईमेल, नाव, मोबाइल, सगळ्यांचं बारसं एकाच नावानं. माझ्या पडद्यावर प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लेबल होतं, पण कोडमध्ये त्याची रकान्याशी गाठच मारलेली नव्हती. तुम्ही अंदाजानं पहिल्या रकान्यात नाव लिहिलंत. तिथे ईमेल हवा होता. चूक झाल्याचं मी फक्त चौकट लाल करून सांगत होतो, म्हणजे तुम्हाला काहीच सांगत नव्हतो.

शेवटच्या रकान्यानंतर टॅब दाबलंत तर थेट तळाच्या ‘गोपनीयता धोरण’ या लिंकवर पोचलात. शिफ्ट-टॅबनं मागे आलात. बी दाबून बटण शोधलंत, “नो नेक्स्ट बटन.” मी मात्र त्या हिरव्या, गोल कडांच्या बटणावर खूश होतो. ते बटण नव्हतंच, बटणासारखा रंगवलेला ‘डिव्ह’, म्हणजे कोडमधला नुसता रिकामा डबा होता. माउसला कळायचा, कीबोर्डच्या लेखी तो नव्हताच.

घरी आल्यावर आधी मी हुशारी केली. त्या डिव्हलाच ‘मी बटण आहे’ असं सांगणारा रोल दिला, टॅबनं तिथे पोचता यावं म्हणून टॅबइंडेक्स दिला, एंटर आणि स्पेससाठी वेगळा कोड लिहिला. मग सगळं पुसलं आणि साधा ‘बटन’ टॅग टाकला. तो हे सगळं उपजतच करतो. लेबलांच्या गाठी मारायला एक दुपार पुरली. चूक आता रकान्याखाली शब्दांत येते आणि वाचून दाखवली जाते.

बाकीचंही आवरलं. जाड अक्षरांना खरे हेडिंगचे टॅग दिले, म्हणजे एच दाबत पुढे जाता येईल. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजीच राहिली होती, ती मराठी केली. आणि प्रत्येक चित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी जो वाचून दाखवला जातो त्यात, मी नुसतं ‘फोटो’ लिहून ठेवलं होतं! मुखपृष्ठाला सुलभता तपासणाऱ्या टूलनं शंभरपैकी शंभर दिले होते ते त्याच्यासकट. मजकूर आहे की नाही एवढंच ते बघतं, त्याला अर्थ आहे का हे बघत नाही. अर्जाच्या पानावर तर मी टूल चालवलंच नव्हतं.

तुमच्या आईंना फी परताव्याची टीप दिसत नव्हती, हे तुम्ही जाता जाता म्हणालात. मोजून पाहिलं. पांढऱ्यावर फिकट करडा, कॉन्ट्रास्ट 2.85 ला 1. साध्या मजकुराला निदान 4.5 ला 1 हवा, हे डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीच्या, 2008 च्या 2.0 आवृत्तीतही आहे आणि 2023 च्या 2.2 मध्येही. दोन्ही मी वाचलेल्या. तरी करडा रंग ठेवला, कारण तो ‘शांत’ दिसत होता.

एक गोष्ट अजून राहिली आहे. तारखेचं कॅलेंडर उघडलं की कीबोर्ड त्यात अडकतो, एस्केपनंही सुटका नाही. तूर्त ते काढून टाकलंय. तारीख सरळ टाइप करता येते, दिवस-महिना-वर्ष असा क्रमही लेबलातच लिहिलाय. सवडीनं एकदा भरून बघाल का? फोन लावा, मी ऐकतो. स्क्रीन बंद ठेवून.

तुमचा ऋणी,
अर्ज बनवणारा