पहिली वेळ लिहून ठेव

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात कुणाला अचानक काही झालं तर थांबून बघायचं केव्हा आणि निघायचं केव्हा, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले. आधी एकच सांगते. त्रास सुरू झाला की घड्याळ बघ आणि वेळ लिहून ठेव. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. कोणता उपचार करता येईल आणि कोणता हातातून गेला, हे बऱ्याचदा त्या एका उत्तरावर ठरतं.

हृदयविकाराचा झटका म्हणजे असह्य कळ, असं समजू नकोस. पुष्कळ माणसं ‘दुखतंय’ म्हणतच नाहीत. ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’, ‘आवळून आलंय’, ‘भरून आलंय’ असं म्हणतात आणि दाखवताना बोट न टेकवता अख्खा पंजा छातीवर ठेवतात. ते अवघडलेपण खांद्यात, एका किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, नाहीतर पोटाच्या वरच्या भागात पसरतं. सोबत दरदरून घाम, मळमळ, दम, जीव घाबरा होणं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छातीचं दुखणं मुळीच नसूही शकतं. नुसता अचानक दम लागतो, किंवा एवढा थकवा येतो की उठवत नाही.

इथेच ‘पित्त झालंय’ हा शब्द घात करतो. पित्ताचं औषध घेऊन बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. झटक्यातलं दुखणंही मध्येच कमी होऊन परत येतं. असा त्रास दहा मिनिटांत थांबला नाही, किंवा सोबत घाम आणि दम असेल, तर रुग्णवाहिका बोलव. माणसाला अर्धवट टेकून बसव, कपडे सैल कर, जिना उतरायला लावू नकोस आणि गाडी तर मुळीच चालवू देऊ नकोस. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला दे. ७५ च्या गोळ्या असतील तर चार. गिळायची नाही, चावायची, कारण चावली की औषध लवकर रक्तात उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, कुठून रक्तस्राव होत असेल किंवा पक्षाघाताची शंका असेल तर देऊ नकोस. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे, त्यालाच द्यायची. तिने रक्तदाब झपाट्याने उतरतो. रक्तदाब आधीच कमी असेल, किंवा माणसाने लैंगिक ताठरतेसाठीचं औषध, म्हणजे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, नुकतंच घेतलं असेल, तर ती जिवावर बेतू शकते. हे प्रश्न संकोचाचे वाटले तरी विचार.

दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो ‘नॉर्मल’ आला म्हणून घरी निघू नका. पहिला ईसीजी स्वच्छ असू शकतो, म्हणून दुखणं चालू असेल तर तो परत काढतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारं प्रथिन आहे. ते वाढायला वेळ लागतो, म्हणून काही तासांनी पुन्हा तपासतात. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद असेल तर अँजिओप्लास्टी, म्हणजे नळी घालून ती वाहिनी उघडणं, हा सगळ्यांत चांगला उपाय. ती साधारण १२० मिनिटांत होणार नसेल तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात. तेही पहिल्या १२ तासांत, आणि जितकं लवकर तितकं स्नायू वाचतो. म्हणून रुग्णवाहिकेतूनच विचार, ‘अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास आहे का?’ स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. दात काढायचाय किंवा बरं वाटतंय म्हणून त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, मगच बाकीचं.

माणूस कोसळला, हलवून उत्तर देत नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते तुटक आचके येतायत, तर तो झटका राहिला नाही, हृदय थांबलं. कुणालातरी फोन करायला सांग आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायला लाग. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. तोंडाने श्वास द्यायला शिकली नसशील तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांनी हात बदला, नाहीतर दमल्यावर दाब उथळ होतो आणि ते दाबणाऱ्याला कळतही नाही. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नकोस.

आता पक्षाघात. चेहरा एका बाजूला ओघळतो, एक हात वर धरला की खाली येतो, शब्द लडबडतात किंवा भलताच शब्द तोंडात येतो. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने दिसेनासं होणं, हेही त्यातच. हसायला सांग, दोन्ही हात उचलायला सांग, एक सोपं वाक्य म्हणायला लाव. तिन्हीपैकी एक जरी बिघडलं तरी निघायचं. इथे वेळेचं गणित थोडं वेगळं आहे. लक्षण ‘दिसलं’ ती वेळ धरत नाहीत, माणूस शेवटचा ठीक होता ती वेळ धरतात. रात्री दहाला नीट बोलून झोपला आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ रात्री दहापासून चालू. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी काढतात, सहा तासांपर्यंत, आणि तपासण्या पाहून निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. म्हणून उशीर झालाय असं स्वतः ठरवून घरी बसू नका.

पक्षाघातात ॲस्पिरिन घरी द्यायचं नाही, यावर मी ठाम आहे. गुठळी आहे की मेंदूत रक्तस्राव झालाय, हे बाहेरून सांगता येत नाही. सीटी स्कॅननेच कळतं. रक्तस्रावात ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल. पाणी, जेवण, गोळी काहीच तोंडाने नको, गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि घोट फुप्फुसात जातो. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जादा गोळी देऊ नकोस. बंद वाहिनीच्या आसपासचा मेंदू त्या दाबावर तगून असतो. साखर मात्र लगेच तपास, कारण ती फार उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखंच दिसतं. आणि सगळं दहा मिनिटांत आपोआप बरं झालं, तरीही त्याच दिवशी दाखवायचं. तो इशारा असतो आणि पुढच्या ४८ तासांत खरा पक्षाघात होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

रक्तातली साखर उतरणं म्हणजे ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, आणि ५४ च्या खाली गंभीर. थरथर, थंड घाम, भूक, चिडचिड, गोंधळ. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, पाण्यात विरघळवून दे आणि १५ मिनिटांनी परत तपास. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धतेने साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. एक गोष्ट हमखास सुटते: ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या माणसाला एकटं झोपू देऊ नकोस, दवाखान्यात ने.

उलट टोकाला, इन्सुलिनवरच्या माणसाला उलट्या होतायत, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिनच बंद केलं जातं. ही मोठी चूक आहे. आजारपणात साखर वाढतेच, आणि इन्सुलिन नसलं की रक्तात आम्ल साचतं: खूप तहान, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. यावर घरचा इलाज नाही. शिरेतून पाणी, इन्सुलिन आणि पोटॅशियम मोजून द्यावं लागतं.

रक्तदाबाला बहुधा लक्षणच नसतं, म्हणून तो मोजावा लागतो, आणि मोजताना चुकतो. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा दंडावर नीट बसणारा. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. दोनदा मोजायचा. घरी सतत १३५/८५ च्या वर राहिला तर दाखवायला हवं. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं किंवा गोंधळ असेल तर लगेच निघायचं. गोळीने आकडा नीट आला म्हणून गोळी सोडायची नाही, तो गोळीमुळेच नीट आलाय.

दमा असलेला माणूस एक वाक्य एका दमात पूर्ण करू शकत नसेल तर तो गंभीर आहे. लगेच आराम देणारा निळा पंप स्पेसर (फवारा साठवून ठेवणारी प्लास्टिकची नळी) लावून, एकेक फवारा, दर फवाऱ्यामागे चार-पाच श्वास, आणि मदत येईपर्यंत चालू. छातीतली शिट्टी थांबली पण माणूस अजून धडपडतोय, तर त्याचा अर्थ हवाच आत जात नाहीये.

आणि जंतुसंसर्ग झालेला माणूस एकाएकी बरळायला लागला, श्वास भरभर चालला, लघवी जवळजवळ बंद झाली, तर ताप नसला तरी सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागण्याचा, विचार कर. ताप असलाच पाहिजे असं नाही. काहींचं अंग उलट गार पडतं. उपचार म्हणजे शिरेतून प्रतिजैविक आणि सलाइन, आणि तिथे तासही मोलाचा असतो.

घरातल्या प्रत्येकाचा एक कागद करून पाकिटात ठेवायला लाव. त्यावर आजार, औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम, ॲलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक, आणि जुन्या ईसीजीचा फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे ते. औषध बदललं की कागद त्याच दिवशी बदल. खाली एक ओळ कोरी सोड, त्रास सुरू झाल्याची वेळ लिहायला.

तुझी,
आई