सूचना : ब्रशकटर (गवत कापायचं मशीन) बंद पडला तर आधी हे पाहा

रावेर-यावल भागातल्या सर्व सभासदांसाठी. केळीच्या बागेत गवत माजलं की मशीन बंद पडल्याच्या तक्रारी सुरू होतात. यातल्या बऱ्याच घरीच सुटतात.

मशीन सुरू होत नसेल तर स्पार्क प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटर तपासा. ओला असेल तर चोक 'ऑफ' करून, प्लग बाहेर ठेवूनच दोरी पाच-सहा वेळा ओढा, प्लग पुसून वाळवा, मग बसवा. सुरू होऊन दम तोडत असेल तर बहुतेकदा एअर फिल्टर धुळीने किंवा सायलेन्सरची जाळी काजळीने भरलेली असते.

टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठीचं ऑइल) लागतंच. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर नको! ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो आणि 'वापरातली चूक' म्हणून वॉरंटी नाकारतात. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र पुस्तिकेत सांगितलं नसेल तर पेट्रोलात ऑइल मिसळू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये बसतो.

पक्कं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि इंजिन नंबरचा फोटो जपा. प्लग, फिल्टर, पातं, गवत कापायची दोरी सहसा वॉरंटीत नसतात. वॉरंटीत मशीन बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका. सर्व्हिसला देताना तारखेची जॉबशीट (मशीन दिल्याची, कामाची नोंद असलेली पावती) घ्याच. तोंडी 'पुढच्या आठवड्यात या' चालवून घेऊ नका. टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.