धोटा मी बघितल्या बघितल्या ओळखला

मँचेस्टर, रविवार

ती. आई-पप्पा,
सप्रेम जयभीम.

फोनवर आवाज बसलेला वाटला ना, अगं सर्दी होती नुसती, गेली. आणि जेवते मी, डाळभात रोज होतो, कुकरचं रबरसुद्धा मिळालं इकडे.

एक गंमत. ऑफिसातल्या एका बाईंनी 'टी'ला बोलावलं, साडेपाचला. मी चहाबिस्कीट समजून घरून पोटभर भात खाऊन गेले तर टेबलावर मटण, बटाटे, वर पुडिंग! इकडे उत्तरेकडे संध्याकाळच्या जेवणाला टी म्हणतात, दुपारच्या जेवणाला डिनर, आणि मग चहाला काय तर 'ब्रू'. म्हणजे कुणी टीला बोलावलं तर उपाशी जायचं आणि ब्रू विचारला तर फक्त चहा, हे मला आत्ता कुठे कळलं. दोनदा जेवले त्या दिवशी.

खरं सांगायचंय ते वेगळंच. शनिवारी इथल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमला गेले, जुन्या गिरणीची मशिनं आहेत तिथे. गाइड बोलायच्या आधीच मी मागावरचा धोटा ओळखला, त्यातली सुताची कांडी ओळखली, आजोबा गॅलरीत खडूने काढायचे ना अगदी तसंच, आणि तू ओरडायचीस लादी घाण होते म्हणून. पणजोबांचा जन्म रिंगखात्यात सूत कातण्यात गेला. साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, पगार जास्त, पण आपल्या लोकांना तिथे घेत नव्हते, कारण कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढायचा, मग आपलं उष्टं कुणाला चालणार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. तर पणजोबा आजोबांना म्हणायचे, आत घेत नाहीत ना, मग आत काय चालतं ते तरी वाचून सांग. तिथून जो नाद लागला तो लागलाच, सकाळी सिद्धार्थ कॉलेज, दुपारी पाळी, इंटरला गचकले तरी पुस्तकं सुटली नाहीत.

गाइड सांगत होती की धागा ओढून इथल्या बायकांचे दात जायचे, आजार पसरायचे. जातीचं तिला ठाऊकच नव्हतं. मी हात वर करून सांगितलं, तुटक्या इंग्लिशमध्ये का होईना. एका म्हाताऱ्याने विचारलं, मग तुमचे लोक साच्यावर गेले कधी? मला सांगता येईना गं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

म्हणून, चिडू नकोस, संध्याकाळचा कोर्स लावलाय, कापडगिरण्यांच्या इतिहासाचा. फी भरल्यामुळे या महिन्यात दहा हजार कमी येतील. तुझ्या मोतीबिंदूचे वेगळे ठेवलेत, ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. पप्पा म्हणतील नोकरी लागल्यावर शिकायचं कशाला, तर नाद त्यांच्याच वडलांनी लावलाय म्हणावं.

बदलापूरच्या स्थळाला फोटो पाठवलास ते ताईने सांगितलं. नाही म्हणत नाहीये मी, १४ एप्रिलला येते तेव्हा बोलू. मागच्या जयंतीलाही येते म्हटलेलं, माहितीये. तिकीट काढलंय यावेळी.

आणि ट्रान्झिट कॅम्पला सामान हलवाल तेव्हा पोटमाळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी रद्दीवाल्याला देऊ नका. चावी नसेल तर कुलूप तोडा, पण वह्या मी आल्यावरच बाहेर काढा.

तुमची,
पिंकी