निशाण आणि नगारा

पुणे,
9 ऑगस्ट

प्रिय मंदार,

दिवाळी अंकासाठीचं तुझं खितानांचं, म्हणजे चीनच्या उत्तरेला लिआओ राज्य उभारणाऱ्या त्या भटक्या घोडेस्वारांचं, रेखाटन मिळालं. घोडे झकास उतरलेत, विशेषतः तो मागे वळून बघणारा. पण निशाणावर लांडग्याचं मुंडकं काढलंस तिथे फसलास. सोनेरी लांडगा मिरवायचे ते तुर्कांचे खान. खितानांच्या मूळकथेत लांडगा नाहीच. पांढऱ्या घोड्यावरून एक पुरुष येतो, करड्या बैलाच्या गाडीतून एक स्त्री येते, मुये डोंगरापाशी दोघांची गाठ पडते आणि त्यांच्या आठ मुलांपासून आठ जमाती होतात. म्हणूनच मोहिमेवर निघताना ते करडा बैल आणि पांढरा घोडा बळी देत. आकाश, पृथ्वी, सूर्य, सगळ्यांना साकडं. चंद्राला तेवढं नाही.

तू विचारतोस, निशाणाला रंग कोणता देऊ? रंगाचं नंतर बघू, आधी शेजारी नगारा काढ. चिनी बखरींत खितानांच्या सत्तेचा विषय निघाला की निशाण आणि नगारा ही जोडगोळीच येते. 629 साली तांग सम्राट ताइझोंगने मोहुई नावाच्या खितान सरदाराला दरबारी काय दिलं? नगारा आणि तूघ. तूघ म्हणजे कापडी झेंडा नव्हे. उंच काठीच्या टोकाला केसांचा भरघोस झुबका. आपली चवरी भाल्याला बांधून उभी केली तर कशी दिसेल, तसं काहीसं.

पुढे आठ जमातींची रीतच पडली. आठांतला एक मुखिया निवडायचा आणि निशाण-नगारा त्याच्या तंबूपुढे उभा करायचा. बरीच वर्षं झाली, किंवा गुरांवर रोग आला, की सगळ्यांनी जमून तो उचलायचा आणि दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवायचा. आपल्याकडचा जरीपटका तुला लगेच आठवेल. पण तो छत्रपती सरदाराला देत. इथे जमातीच आपल्या राजाकडून निशाण काढून घेत.

ही रीत मोडली येलू आबाओजीने. नऊ वर्षं झाली तरी हा गडी जागचा हलेना. बाकीच्यांनी फारच धरलं तेव्हा त्याने निमूटपणे निशाण-नगारा देऊन टाकला आणि एवढंच मागितलं की, माझ्याकडे आलेल्या चिनी लोकांची मी वेगळी जमात करतो. त्याच्या त्या गावाजवळ मिठाचं तळं होतं. मग बायकोच्या सल्ल्याने त्याने सरदारांना निरोप धाडला: माझ्या तळ्याचं मीठ खाता, पण मिठाला धनी असतो हे विसरता. थोडक्यात, खाल्ल्या मिठाला जागा. बिचारे बैल आणि दारू घेऊन मेजवानीला आले आणि दारू चढल्यावर दबा धरलेल्या माणसांनी त्यांना कापून काढलं. गोष्ट सांगणारा ओयांग श्यू हा सोंग दरबाराचा, म्हणजे पुढे खितानांचा शेजारी आणि वैरी असलेल्या राज्याचा. तेव्हा तिखटमीठ लावलेलं असणार, मिठाची गोष्ट असली तरी!

मला जास्त आवडतो तो 913 सालचा प्रसंग. तुझ्या जागी असतो तर मी तोच काढला असता. आबाओजीचे भाऊ उलटले होते. पाठच्या भावाने राजाचं निशाण आणि नगारा स्वतःसाठीही तयार करून घेतला. नुसतं 'मी राजा' म्हणून भागत नव्हतं ना! मग त्याच्या माणसांनी आबाओजीच्या छावणीवर धाड घातली, सामान आणि तंबू पेटवले, दिसेल त्याला मारलं. राणी शुल्यू पिंगने घाईघाईने माणूस पाठवला. त्या जाळातून काय वाचलं? राजाचं निशाण आणि नगारा, बस्स. बाकी सगळ्याची राख. (ही बाई साधी नव्हे. 926 साली नवरा गेला तेव्हा 'तुम्हीही सोबत जा' म्हणणाऱ्यांपुढे तिने उजवा हात मनगटापासून तोडून शवपेटीत ठेवला आणि राज्य चालवत राहिली.) बंडखोरांनी देवतंबूही पळवला होता. पाठलाग सुरू झाल्यावर तो वाटेतच टाकला आणि तो दिसताच आबाओजीने भर पाठलागात त्याला नमस्कार करून नैवेद्य वाहिला.

आता तुझे घोडेस्वार. 1344 मध्ये मंगोल दरबारात पुरा झालेल्या लिआओ इतिहासात शिपायाने स्वखर्चाने आणायच्या सामानाची यादी आहे: चार धनुष्यं, चारशे बाण, भाले, कुऱ्हाड, चकमक, भाजलेलं धान्य, घोडे बांधायला दोनशे फूट दोर, आणि एक छोटं निशाण. तेव्हा तू फडकवलेलं ते धोतराएवढं कापड प्रत्येकाच्या हाती नको. माणशी तीन घोडे असत आणि शत्रू जवळ येईपर्यंत लढाईच्या घोड्यावर कोणी बसत नसे, म्हणून काही मोकळे घोडेही दाखव. मागे धूळ हवीच. वैरण लुटून आणणारे गडी घोड्यांना दोन-दोन खराटे बांधून वाऱ्याच्या दिशेने पिटाळत, समोरच्या फौजेच्या डोळ्यांत माती जावी म्हणून. त्या धुळीत निशाण कोणाला दिसणार? कूच व्हायचं तेही नगाऱ्यावर: तीनदा वाजला की दिवस असो वा रात्र, सगळे निघाले.

एकदा निशाण त्यांच्यावरच उलटलं. 1004 साली चानझोउला सोंग सम्राट वेशीच्या बुरुजावर चढला, ड्रॅगनचं पिवळं निशाण वर गेलं आणि त्याच्या सैन्याने असा जयघोष केला की खितानांची फळी डळमळली. तरी 1005 च्या तहात वर्षाला एक लाख ताएल (हे चिनी वजन) चांदी आणि दोन लाख ठाण रेशीम द्यायचं कबूल केलं ते सोंगांनीच!

नमुना हवा असेल तर आतल्या मंगोलियातल्या कुलुन बॅनरमधल्या लिआओ थडग्यांची भित्तिचित्रं शोध. स्वारी निघण्याच्या चित्रात ध्वजकाठ्यांशेजारी मोठे ढोल उभे आहेत. (जिल्ह्याच्या नावातला 'बॅनर' पुढे चीनवर राज्य केलेल्या मांचूंच्या काळातला, त्याला भुलू नकोस.) राजाच्या तंबूपुढे बारा तूघ, बारा निशाणं, बारा नगारे. मोजून काढ, मागच्या वेळी तू रावणाला नऊच तोंडं काढली होतीस. आणि तंबूभोवती भाल्यांचं कुंपण, प्रत्येक भाल्याखाली पहारेकऱ्यासाठी काळ्या नमद्याची छत्री. बर्फ पडत असेल तर फारच छान दिसेल.

दुसरा खर्डा झाला की लगेच पाठव. वळून बघणाऱ्या घोड्याला हात लावू नकोस.

तुझा,
श्रीधर